घोड्याची वंशावळ : फळ्यावर न मावलेला इतिहास



या शाळेत मी प्रथम विद्यार्थी म्हणून आलो, पुढे शिक्षक म्हणून आलो आणि आज वक्ता म्हणून आपल्यासमोर उभा आहे. ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याच हाताखाली मी प्राणिशास्त्राची मुळाक्षरे गिरविली. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात त्यांनीच शिकविलेला एखादा धडा पुन्हा उघडावा, असे माझ्या मनात बरेच दिवस होते. त्यामागे कृतज्ञता आहे, तशीच एका जुन्या चुकीची टोचणीही आहे. तिच्याकडे मी ओघाने येईन.

आज येथे येताना आपल्यापैकी कित्येक जण काळ्या घोड्यावरून आले असतील. सयाजीराव महाराजांचा तो अश्वारूढ पुतळा बडोदेकरांच्या इतका अंगवळणी पडला आहे, की महाराजांकडे कोणी पाहिले तर पाहतो, घोड्याच्या पायांकडे मात्र कोणीच पाहत नाही. मी आज त्या पायांविषयी बोलणार आहे. घोडा तळव्यावर उभा राहत नाही. तो प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर उभा असतो. ते मधले बोट होय, आणि आपण ज्याला खूर म्हणतो ते त्या बोटाचे नख होय. पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा समजतो तो सांधा वस्तुतः आपल्या मनगटाच्या जागी आहे. त्याच्याखालच्या मुख्य हाडाला दोन्ही अंगांनी चिकटून दोन बारीक, खाली निमुळती होत गेलेली हाडे असतात. बाहेरून ती दिसत नाहीत. एके काळी जमिनीला टेकणाऱ्या दुसऱ्या व चौथ्या बोटांची ती शेष खूण आहे. जुन्या वाड्यात बुजविलेल्या दरवाजाची कमान भिंतीत दिसावी, तशी ही हाडे त्या पायाचा पूर्वेतिहास सांगतात.

गुरुजींनी हा इतिहास आम्हांला रंगीत खडूंनी शिकविला. १९६० च्या दशकातील ती गोष्ट. फळ्याच्या डाव्या टोकाला कुत्र्याएवढा, पुढच्या पायांना चार बोटे असलेला ‘इओहिपस’. मग मेंढीएवढा, तीन बोटांचा ‘मेसोहिपस’. मग ‘मेरिकिपस’, ‘प्लायोहिपस’ आणि उजव्या टोकाला खराखुरा घोडा, ‘इक्वस’. प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा मोठे, प्रत्येक पायातील बोटे आधीच्यापेक्षा कमी. पाच चित्रे म्हणजे जणू पाच पायऱ्या. आम्ही ती वहीत उतरवून घेतली आणि परीक्षेत उत्तरपत्रिकेत उतरविली. पुढे मी याच वर्गात शिक्षक झालो तेव्हा तीच पाच चित्रे मी वर्षानुवर्षे काढली.

एके वर्षी मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “सर, तीन बोटांचे घोडे संपले, म्हणजे त्यांना नीट पळता येत नव्हते का?” मला उत्तर ठाऊक नव्हते. ठाऊक नाही असे सांगण्याचे धैर्यही नव्हते. “परीक्षेत असे विचारत नाहीत,” एवढे बोलून मी त्याला खाली बसविले. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम ही शिडी कोणी उभी केली ते पाहू. १८४१ मध्ये इंग्लंडमधील शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी केंट परगण्यातील चिकणमातीत सापडलेल्या एका लहान कवटीचे वर्णन प्रसिद्ध केले. तिचे दात त्यांना आफ्रिकेतील हायरॅक्स या सशाएवढ्या प्राण्याची आठवण करून देत होते, म्हणून त्यांनी तिला ‘हायरॅकोथेरियम’ असे नाव दिले. हा प्राणी घोड्याच्या गोत्रातील असेल, अशी शंकाही त्यांना आली नाही. त्याआधी १८३३ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात तरुण चार्ल्स डार्विन यांना नामशेष प्राण्यांच्या अस्थींबरोबर घोड्याचा एक दात मिळाला होता. अमेरिका खंडात स्पॅनिश लोक येण्यापूर्वी घोडा नव्हता, हे सर्वांना माहीत होते. मग हा दात तेथे कसा? या प्रश्नाने डार्विन चकित झाले. तोही दात पुढे ओवेन यांनीच तपासला.

१८७३ मध्ये रशियन संशोधक व्लादिमिर कोवालेव्स्की यांनी युरोपातील जीवाश्मांच्या आधारे घोड्याच्या पूर्वजांची एक मालिका मांडली. तीन वर्षांनी, १८७६ च्या ऑगस्टमध्ये, डार्विनचे खंदे समर्थक टॉमस हक्स्ली अमेरिकेत येल विद्यापीठात गेले. तेथील प्राध्यापक ओथनिएल मार्श यांनी पश्चिम अमेरिकेतून गोळा केलेल्या अस्थींच्या पेट्या त्यांच्यासमोर उघडल्या. हक्स्ली एखादा दुवा मागत आणि मार्श तो पेटीतून काढून देत. घोड्याचा मूळ इतिहास युरोपात नव्हे, तर उत्तर अमेरिकेत घडला, युरोपातले नमुने हे तेथून वेळोवेळी आलेल्या शाखांचे अवशेष, हे हक्स्ली यांना मान्य करावे लागले. त्यांनी आपला आधीचा आराखडा बाजूला ठेवला आणि न्यूयॉर्कच्या व्याख्यानांत मार्श यांचा पुरावा मांडला. याहून अधिक बोटांचा आणखी जुना घोडा मिळाला पाहिजे, असे भाकीत त्यांनी केले, आणि त्याच वर्षी मार्श यांनी ‘इओहिपस’ म्हणजे ‘उषःकालीन घोडा’ जाहीर केला. उत्क्रांतिवादाला त्या काळी इतका ठसठशीत पुरावा दुसरा नव्हता. तो तक्त्यांवर, संग्रहालयांच्या भिंतींवर, क्रमिक पुस्तकांत आणि अखेरीस आमच्या फळ्यावर आला.

हा पुरावा खोटा नव्हता, हे मी आरंभीच स्पष्ट करतो. इओहिपस होता, मेसोहिपस होता, त्यांची बोटे कमी झाली, दात बदलले. उत्क्रांती घडली यात तिळमात्र संशय नाही. चूक होती ती त्यांना एका ओळीत उभे करण्यात. उजव्या टोकाचा घोडा आपल्या डोळ्यांसमोर होता, म्हणून आपण त्याच्यापासून मागे चालत गेलो आणि वाटेत जे त्याच्यासारखे दिसले तेवढे उचलले. उरलेल्यांना चित्रात जागा राहिली नाही.

हे आपल्याच शहराच्या इतिहासातून सांगतो. गायकवाड घराण्याच्या गादीवर बसलेल्या पुरुषांची यादी पाठ केली म्हणजे त्या घराण्याचा इतिहास समजला, असे कोणी म्हणेल काय? १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या बारा वर्षांच्या गोपाळरावांना दत्तक घेतले आणि ते सयाजीराव महाराज झाले. गादीपासून दूर, शेतीभातीत रमलेली ती शाखा वंशावळीच्या कोपऱ्यात होती. जो इतिहासकार केवळ गादीची सरळ रेघ पाहील, त्याला कवळाणे दिसणारच नाही. जीवसृष्टीत दत्तकविधान नसते, एवढा फरक सोडला तर बोध तोच आहे. वंशावळ ही फांद्यांची असते. त्यांतील कोणती फांदी पुढे टिकेल, हे त्या त्या काळी कोणालाही सांगता येत नाही.

आता त्या फांद्या पाहू. घोड्याच्या कुळाचे सर्वांत जुने अवशेष सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. त्या वेळी पृथ्वी एकाएकी फार तापली होती. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात या काळातील ‘सिफ्रहिपस’ नावाचे घोडे मिळतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्यांचे वजन आरंभी साडेपाच किलोच्या आसपास होते. उष्णता वाढली तसे ते सुमारे चार किलोंवर आले, म्हणजे घरातील मांजराएवढे झाले, आणि हवा पुन्हा निवल्यावर सुमारे सात किलोंपर्यंत वाढले. घोडा सतत मोठाच होत गेला, हा आमच्या फळ्यावरचा नियम पहिल्याच पायरीवर मोडतो. पुढेही ‘आर्किओहिपस’, ‘नॅनिपस’ यांसारख्या शाखा आकाराने लहान होत गेल्या आणि त्या स्थितीत दीर्घ काळ सुखाने नांदल्या.

हे आरंभीचे घोडे वनवासी होते. जर्मनीतील मेसेल येथे सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या सरोवराच्या गाळात घोड्याच्या कुळाच्या एका युरोपीय शाखेचे संपूर्ण सांगाडे मिळाले आहेत. त्यांच्या पोटात पानांचे आणि फळांचे अवशेष सापडले. एका मादीच्या उदरात तर गर्भाचा सांगाडा जागच्या जागी आहे. जंगलातील मऊ जमिनीवर पसरट, अनेक बोटांचा पाय उपयोगी, आणि कोवळ्या पाल्याला आखूड दात पुरेसे. त्यांच्या जीवनाला त्यांचे शरीर पूर्णपणे साजेसे होते. ते ‘अपुरे घोडे’ नव्हते.

पुढे हवामान थंड व कोरडे होत गेले आणि उत्तर अमेरिकेत गवताळ मैदाने पसरली. गवताच्या पात्यात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, शिवाय जमिनीलगत चरताना धूळमातीही तोंडात जाते. असा चारा आखूड दाढांना थोड्या वर्षांत झिजवून टाकतो, आणि दाढा गेल्या की जनावर उपाशी मरते. सुमारे पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीच्या मेरिकिपसच्या दाढा उंच झालेल्या दिसतात. त्या जबड्यात खोलवर असत आणि वरून झिजतील तसतशा हळूहळू बाहेर येत. आजच्या घोड्याचे वय आपले शेतकरी दात पाहून ओळखतात, त्यामागे दातांची हीच झीज आहे. पायाचेही तसेच. उघड्या मैदानात लांब अंतर कापायचे तर पायाच्या टोकाचे वजन जितके कमी तितके चांगले. मधल्या बोटामागील बळकट अस्थिबंध प्रत्येक पावलाला ताणले जातात आणि स्प्रिंगप्रमाणे परत उसळी देतात. कडेची बोटे त्यामुळे आखूड होत गेली.

मात्र येथेही सर्वांनी एकच वाट धरली नाही. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी एकट्या उत्तर अमेरिकेत घोड्यांच्या डझनभर प्रजाती एकाच वेळी नांदत होत्या. त्यांत गवत चरणारे होते, पाला खाणारे होते, दोन्हींवर जगणारेही होते. मेरिकिपस गवताकडे वळला त्या काळात ‘हायपोहिपस’ हा तीन पसरट बोटांचा मोठा घोडा झाडपाल्यावरच जगत होता. ‘अँकिथेरियम’ नावाचा पाला खाणारा घोडा तर आशिया व युरोपात जाऊन पोहोचला होता. आमच्या फळ्यावर मेसोहिपसनंतर ज्याला जागा मिळायला हवी होती तो ‘मायोहिपस’ मेसोहिपसच्या बरोबरीने लक्षावधी वर्षे जगला. बाप आणि मुलगा म्हणून ज्यांची ओळख करून दिली, ते प्रत्यक्षात दीर्घकाळचे शेजारी निघाले. आणि ज्याला मी इक्वसचा जनक म्हणून शिकविले तो एका बोटाचा प्लायोहिपस आज थेट पूर्वज मानला जात नाही, ‘डायनोहिपस’ त्याहून जवळचा समजतात. विज्ञानाला ही फांद्यांची वंशावळ अगदी काल समजली असेही नाही. जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सन यांनी ती १९५१ च्या आपल्या ग्रंथात मांडली होती. माझ्या वर्गापर्यंत ती पोहोचली नाही, कारण मी शोधायला गेलो नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. तीन बोटांच्या घोड्यांना पळता येत नव्हते का? ‘हिपॅरिऑन’ गटाच्या घोड्यांना तीन बोटे होती. सुमारे १ कोटी १० लाख वर्षांपूर्वी हा गट अमेरिकेतून बेरिंगच्या भूसेतूवरून आशियात उतरला, तेथून युरोपात व आफ्रिकेत पसरला. टांझानियातील लायतोली येथे सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या राखेत मानवाच्या पूर्वजांची पावले उमटली आहेत, तेथेच हिपॅरिऑनच्या टापाही उमटल्या आहेत. हा गट एक कोटी वर्षांहून अधिक काळ चालला आणि आफ्रिकेत काही लाख वर्षांपूर्वीपर्यंत टिकून होता. आजच्या इक्वसचे कुळ, २०१३ मध्ये युकॉनच्या गोठलेल्या जमिनीतील सुमारे सात लाख वर्षांपूर्वीच्या हाडातून वाचलेल्या जनुकसंचावरून, ४० ते ४५ लाख वर्षांचे ठरते. म्हणजे तीन बोटांनी जेवढा काळ पृथ्वीवर धाव घेतली, त्याच्या निम्माही काळ एका बोटाने अद्याप घेतलेला नाही. त्यांना उत्तम पळता येत होते. जे संपले ते नालायक होते म्हणून संपले, ही समजूत मी त्या वर्गात न बोलता पेरली. ती घोड्यांविषयी चूक आहे, आणि माणसांविषयी कोणी तशी बाळगली तर ती घातकही आहे.

आपल्या भूमीचा या इतिहासाशी संबंध काय, असे आपण विचाराल. संबंध आहे, आणि तो मापूनच सांगितला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात सहारणपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक ह्यू फाल्कनर आणि कालव्यांचे अभियंता प्रॉबी कॉटली यांनी शिवालिक टेकड्यांतून असंख्य जीवाश्म गोळा केले. तेथे हिपॅरिऑन गटातील घोडे आहेत आणि नंतरच्या थरांत इक्वसही आहे. नर्मदेच्या खोऱ्यातील घोड्याला त्यांनी ‘इक्वस नमाडिकस’ हे नाव दिले. जिच्या काठी आपण पर्वकाळी स्नानाला जातो, तिचे नाव एका नामशेष घोड्याला लाभले आहे.

त्याहूनही जुना दुवा आपल्या दक्षिणेला, सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत मिळाला. सुमारे ५ कोटी ४५ लाख वर्षांपूर्वीच्या त्या थरांत मेंढीएवढ्या एका प्राण्याचे अवशेष निघाले. २००५ मध्ये त्याला ‘कॅम्बेथेरियम’ म्हणजे ‘खंबायतचे श्वापद’ असे नाव मिळाले. केनेथ रोज आणि त्यांच्याबरोबर राजेंद्र राणा, किशोर कुमार, अशोक साहनी आदी भारतीय शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये असे प्रतिपादन केले, की घोडा, गेंडा व टॅपिर यांचा समावेश असलेल्या विषमखुरी प्राण्यांच्या गणाचा उगम भारतीय उपखंडात झाला असावा. त्या काळी हा भूखंड आशियाकडे सरकत होता, जवळजवळ बेटासारखा.

घोडा गुजरातेत जन्मला, असा याचा अर्थ कोणी घेतला तर तो चुकीचा आहे. कॅम्बेथेरियम घोडा नव्हता, घोड्याचा पूर्वजही नव्हता. घोडा, गेंडा व टॅपिर यांच्या समाईक पूर्वजाचा तो निकटचा भाऊबंद, आणि त्याची स्वतःची शाखा पुढे खुंटली. शिवाय आजचे विवेचन हे पुराव्यावर आधारलेले अनुमान आहे. उद्या आणखी जुना जीवाश्म अन्यत्र मिळाला तर ते बदलेल. अभिमान बाळगायचाच असेल तर तो खाणीतल्या चिखलातून एकेक दात वेचणाऱ्या शास्त्रज्ञांचा बाळगावा. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जनावराला आपल्या प्रांताचे नागरिकत्व देणे हीदेखील एक शिडीच आहे. तिच्याही वरच्या टोकाला आपण स्वतःला उभे करतो.

या कथेतील सर्वांत विलक्षण प्रकरण शेवटी येते. ज्या उत्तर अमेरिकेत हे कुळ साडेपाच कोटी वर्षे वाढले, तेथेच सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी ते समूळ नाहीसे झाले. हिमयुगाच्या अखेरचा हवामानबदल आणि मानवाची शिकार, या दोन कारणांचा वाटा किती, याची चर्चा विद्वानांत चालू आहे. डार्विनना सापडलेल्या दाताचे कोडे यातून सुटते. १४९३ मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत घोडे जहाजातून कॅरिबियन बेटांवर आले, १५१९ मध्ये कोर्तेसबरोबर सोळा घोडे मेक्सिकोत उतरले. तेथील लोकांना ते अपूर्व वाटले. वस्तुतः ते परत येत होते.

आशियात गेलेली शाखा तगली ती माणसाच्या आश्रयाने. प्राचीन अस्थींतील जनुकांच्या २०२१ मधील अभ्यासावरून आजच्या पाळीव घोड्यांचे मूळ व्होल्गा व डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यातील गवताळ प्रदेशात असल्याचे दिसते. तेथून ते इ.स.पूर्व २००० च्या सुमारास वेगाने सर्वत्र पसरले. मंगोलियातील प्रझेवाल्स्की घोडा १९६९ नंतर मोकळ्या रानात दिसेनासा झाला. प्राणिसंग्रहालयांतील मूठभर जनावरांपासून वाढविलेला कळप १९९२ पासून पुन्हा तेथे सोडण्यात आला. आपल्या कच्छच्या छोट्या रणातील घुडखर, म्हणजे रानगाढव, याच इक्वस प्रजातीचा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो काहीशे संख्येवर आला होता. संरक्षण मिळाल्यावर आज तो हजारोंच्या संख्येने आहे. कधी काळी जे कुळ डझनभर प्रजातींनी गजबजले होते, त्यात आज एकच प्रजाती उरली आहे. घोडे, गाढवे, झेब्रे मिळून तिच्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आम्ही ज्याला शिडीचे शिखर म्हणून शिकविले, ती प्रत्यक्षात वठत आलेल्या झाडाची शेवटची हिरवी डहाळी आहे. झाडाच्या बहुतेक सर्व फांद्या गळून पडल्या, म्हणूनच तर ते सरळ काठीसारखे दिसले.

निवृत्तीनंतर गुरुजी आजारी होते तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो होतो. नवे वाचन सुरू केले होते, म्हणून काहीशा तक्रारीच्या सुरात मी त्यांना विचारले, “गुरुजी, आपण आम्हांला पाचच घोडे का शिकविलेत?” ते हसले आणि म्हणाले, “अरे, फळ्यावर तेवढेच मावतात. बाकीचे तुम्ही शोधायचे होते.” त्यांनी मला पाच चित्रे दिली ती सुरुवात म्हणून. मी ती अखेर समजलो आणि एका चौकस मुलाला खाली बसविले.

तो आज पन्नाशीच्या पुढे असेल. या सभागृहात असेल तर त्याने ओळख द्यावी, अशी माझी विनंती आहे. नसेल, तर ही पुस्तिका कोणा वर्गमित्राने त्याच्यापर्यंत पोहोचवावी. आणि जे आज या शाळेत शिकवितात त्यांना एवढेच सांगतो, की पाच घोडे जरूर काढा, परंतु फळ्याची एक बाजू कोरी ठेवा आणि ती कोरी का ठेवली, हेही मुलांना सांगा.